ओ निगेटिव्हची यादी

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नागपूरच्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या रक्तपेढीत मी नोंदणी कारकून होते. रक्त द्यायला आलेल्या माणसाचं कार्ड करायचं, हे माझं काम. नाव, पत्ता, स्वतःचा नाहीतर शेजारचा फोन, रक्तगट आणि शेवटचं रक्त कधी दिलं ती तारीख. पिवळ्या जाड कागदाची ती कार्डं लाकडी खणांत उभी लावलेली असत. कडा मळून काळ्या झाल्या होत्या, पण हवं ते कार्ड मिनिटभरात हाती येई.

मग कोणा दानशूर माणसानं पेढीला कॉम्प्युटर दिला. आमच्या प्रमुख डॉक्टर मॅडमना त्याचा फार आनंद झाला होता. त्याच्यासाठी औषधांची एक खोली रिकामी केली, एसी बसवला. चार दिवस एक माणूस मला शिकवायला आला. रेघा आखलेला तक्ता असतो तसा एक प्रोग्राम होता, आडवी ओळ एका माणसाची, उभ्या रकान्यांत नाव, पत्ता, फोन, रक्तगट. मी त्याला विचारलं, "कार्डावर अनुक्रमांक आहे, तो कुठं टाकायचा?" तो म्हणाला, "ओळींचे आकडे डावीकडे दिसतातच, मॅडम. वेगळा नंबर कशाला?" मी टाकला नाही.

त्यानं जाताना तीन फ्लॉप्या दिल्या. दर शनिवारी प्रत काढायची, एका आठवड्याला एक, दुसऱ्या आठवड्याला दुसरी, अशा पाळीपाळीनं, असं दोनदा बजावलं. महिनाभर मी ते पाळलं. नंतर एका फ्लॉपीवर मैत्रिणीनं दिलेला खेळ घेतला, आणि एकीवर बहिणीच्या लग्नाच्या आमंत्रितांची यादी केली. उरली एक. दर शनिवारी त्या एकीवरच मी जुनी प्रत पुसून नवी ठेवत असे. कॉम्प्युटर उघडायचा गुप्त शब्द मॅडम नेहमी विसरत, म्हणून चिठ्ठीवर लिहून मी तो पडद्याच्या कडेलाच चिकटवून टाकला होता. जेवणाच्या सुट्टीत केसपेपरच्या खिडकीवरच्या दोघीतिघी खेळ खेळायला येत. त्यात काही वावगं आहे असं आमच्यापैकी कोणालाच वाटत नव्हतं. दार उघडं होतं, खोली थंड होती, बाहेर ऊन होतं.

पाच महिने बसून मी सगळी कार्डं आत टाकली. त्या पाच महिन्यांत मी थोडी चढले होते, हे कबूल केलं पाहिजे. पेढीत एक जुने तंत्रज्ञ होते, आम्ही सगळे त्यांना काका म्हणत असू. वीस वर्षं तेच काम करत होते. ओळखीचा दाता आला, दहाव्यांदा आला, तरी काका त्याच्या बोटाला टोचून पांढऱ्या फरशीच्या छोट्या तुकड्यावर रक्ताचे थेंब घेत, गट ओळखायचं सिरम मिसळत आणि गुठळ्या होतात का ते बघत बसत. एकदा मीच मॅडमना म्हटलं, "नोंदलेल्या दात्यांचा गट आता कॉम्प्युटरमध्ये आहेच. पुन्हा कशाला तपासायचा? सिरम वाचेल, वेळ वाचेल." मॅडमना ते पटलं. पुढच्या महिन्यापासून तसं करू, असं त्या म्हणाल्या आणि सूचनेचा मसुदा मलाच टाइप करायला सांगितला.

काकांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "कागद निघू दे, मंग पाहू. तोवर मी त पाहूनच देईन."

त्याच सुमारास मॅडमनी मला यादी नावांच्या क्रमानं लावायला सांगितली. शहरातल्या तीन नर्सिंग होमना एकेक छापील प्रत द्यायची होती, म्हणजे अडीअडचणीला त्यांनाही दाते शोधता येतील. क्रम लावायची रीत मला येत नव्हती. कॉम्प्युटरचा क्लास केलेल्या मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "कुठून कुठपर्यंत ते दाखव, कोणत्या रकान्यानं लावायचं ते सांग, आणि बटण दाब."

पडद्यावर एका वेळी नाव, पत्ता आणि फोन एवढेच रकाने मावत. रक्तगट आणि तारीख उजवीकडे पडद्याबाहेर असत, बाण दाबत गेलं की दिसत. मला जे दिसत होतं, ते मी दाखवलं. बटण दाबलं. क्षणात सगळी नावं क्रमानं उभी राहिली. 'जुनं पुसून नवं ठेवू का' अशा अर्थाचं काहीतरी कॉम्प्युटरनं इंग्रजीत विचारलं, तसं तो नेहमीच विचारायचा, आणि मी नेहमीसारखं हो म्हटलं. शनिवार होता. फ्लॉपीवरही तेच ठेवलं. मग चार प्रती छापल्या, एक आमची आणि तीन बाहेरच्या, आणि त्या पाठवून दिल्या.

सोमवारी मॅडम म्हणाल्या, "आता ते खण कशाला अडवून ठेवायचे?" कार्डं पोत्यांत भरून इतवारीतल्या रद्दीवाल्याकडे गेली. पोती शिवताना मी स्वतः सुतळी धरली होती.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी, एप्रिलमधल्या एका सकाळी, पारशिवनीकडून एका बाईला जीपमध्ये घालून आणलं. बाळंतपण गावातच झालं होतं, रक्त थांबत नव्हतं. काकांनी तिचा गट पाहिला. ओ निगेटिव्ह. फ्रिजमध्ये त्या गटाची एकही बाटली नव्हती. इतर दोन पेढ्यांना फोन झाले, त्यांच्याकडेही नव्हती.

मी यादी घेतली आणि ओ निगेटिव्हवर पेन्सिलीनं खुणा केल्या. अकरा नावं निघाली. मला आठवतं, त्या वेळी मला बरंच वाटलं होतं. मिनिटाभरात अकरा माणसं सापडली होती. फोन लावायला सुरुवात केली.

पहिले आले ते इतवारीतले भांड्यांचे दुकानदार. स्कूटरवर आले, शर्ट घामानं भिजलेला. मी म्हटलं, "बरं झालं लवकर आले. तुमचा ओ निगेटिव्ह ना, त्याच गटाचा पेशंट आहे."

ते थांबले. "माहा ओ निगेटिव्ह नाही ताई. बी पॉझिटिव्ह आहे. मी सहा वेळा देल्लं तुमच्याकडं."

"कॉम्प्युटरमध्ये ओ निगेटिव्ह आहे," मी म्हटलं. "तुम्ही विसरले असाल."

"माहा गट मी काहून विसरीन?"

मी त्यांच्याकडे पाहून हसले, आपण अडाणी माणसाकडे पाहून हसतो तसं. त्या हसण्याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते. त्यांना काकांकडे पाठवलं. काकांनी फरशीवर थेंब घेतले आणि पाच मिनिटांनी दारातून म्हणाले, "बी पॉझिटिव्ह."

कार्ड करतानाच चूक झाली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. एखादी चूक होतेच. तेवढ्यात दुसरा आला, रेल्वेत काम करणारा तरुण माणूस. काकांनी बोटाला टोचलं. ए पॉझिटिव्ह. तिसरी एक शाळामास्तरीण, रिक्षानं आली होती. तिनंही दारातच सांगितलं, "माझा एबी आहे, पण तुम्ही बोलावलं म्हणून आले."

मी थंड खोलीत गेले, दार लावून घेतलं आणि कॉम्प्युटरवर स्वतःचं नाव काढलं. मीही नोंदलेली दाता होते. माझा गट ओ पॉझिटिव्ह. बाण दाबत उजवीकडे गेले. माझ्या ओळीत ए निगेटिव्ह लिहिलं होतं. मग काकांचं नाव काढलं. तेही चूक. मॅडमचं काढलं. तेही चूक.

तेव्हा समजलं. नावं हलली होती, पत्ते हलले होते, आणि रक्तगट जिथल्या तिथे राहिले होते. प्रत्येक माणसासमोर दुसऱ्याच कोणाचं तरी रक्त लिहिलं गेलं होतं. आणि मी ते कागदावर छापून गावभर वाटलं होतं.

फ्लॉपी घातली. तिच्यावरही तेच. खेळाची फ्लॉपी घातली, काय आशा होती कोण जाणे. खेळच सुरू झाला, त्याचं ते किरकिरं संगीत वाजायला लागलं. मी घाईघाईनं कॉम्प्युटर बंद केला.

आणि तेव्हा माझी नजर त्या गुप्त शब्दाच्या चिठ्ठीवर गेली. मनात आलं, इथे कोणीही येतं. जेवणाच्या सुट्टीत कोणीही बसतं. कोणीतरी काहीतरी दाबलं, असं म्हटलं तर कोण नाही म्हणेल? हा विचार मला सुचला याची भीती मला नंतर वाटली. त्या क्षणी फक्त सुटका दिसत होती.

मी बाहेर आले. कॉरिडॉरमध्ये त्या बाईचा नवरा भिंतीला टेकून उभा होता, हातात तिच्या चपला धरून. त्यानं विचारलं, "बाई, भेटलं का रक्त?"

"बोलावलंय," मी म्हटलं. "येऊन राहिले."

काका नळाखाली तो फरशीचा तुकडा धूत होते. मी त्यांना म्हटलं, "काका, यादीत घोटाळा आहे. कोणीतरी हात लावला असेल."

त्यांनी वर पाहिलं. "कोनं?"

मला एकही नाव घेता येईना. खेळायला येणाऱ्या दोघीतिघींची तोंडं डोळ्यांसमोर आली. एकीचं मूल सहा महिन्यांचं होतं. मी म्हटलं, "मी. माझ्या हातून झालं. सगळी यादी चुकली आहे. एकही गट खरा नाही."

ते रागावतील, ओरडतील, असं वाटलं होतं. त्यांनी नळ बंद केला, हात पुसले आणि विचारलं, "कार्डं?"

"रद्दीत."

"मंग आता यादीचं सोड. मले आठवू दे." ते स्टुलावर बसले आणि त्यांनी डोळे मिटले. बाहेर कोणीतरी स्ट्रेचर ओढत नेत होतं, त्याच्या चाकाचा आवाज आला. मी तिथंच उभी होते. दोन मिनिटं असतील, पण मला वाटत होतं की तेवढ्या वेळात ती बाई मरेल आणि ते माझ्यामुळे असेल.

"काटोलचा एक संत्र्याचा व्यापारी आहे," काका डोळे न उघडता म्हणाले. "गोरा, उंच, बोटाले अंगठी. बाजाराच्या कामानं आला की देऊन जाते. ओ निगेटिव्ह. पक्का. त्याचं आडनाव मी सांगतो, तू ट्रंक कॉल लाव."

त्यांना आडनाव आठवलं, मी नाव यादीत शोधलं. नाव, पत्ता आणि फोन एकत्र हलले होते, त्यामुळे निदान तेवढं खरं होतं. ट्रंक कॉल लागायला चाळीस मिनिटं गेली. तेवढ्या वेळात मी मॅडमच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "बाहेर किती प्रती गेल्या?"

"तीन."

"गेल्या बारा दिवसांत कोणी त्यावरून रक्त दिलं?"

ते मला माहीत नव्हतं. तो प्रश्न ऐकेपर्यंत माझ्या डोक्यात फक्त पारशिवनीची बाई होती. आता मला शहरभर खाटा दिसायला लागल्या, आणि प्रत्येक खाटेशेजारी उलटी टांगलेली बाटली. घाईच्या वेळी पेशंटच्या रक्ताशी नीट जुळवून बघायलाही वेळ मिळत नाही, तेव्हा लिहिलेल्या गटावरच भिस्त असते, हे मला ठाऊक होतं. आणि आमच्याकडेही तसंच व्हावं, असा कागद मीच टाइप करून ठेवला होता.

मॅडम स्वतः फोनवर बसल्या. मला म्हणाल्या, "तू कार्डं शोध. जा."

मी लुना काढली आणि भर उन्हात इतवारीत गेले. हातगाड्या आणि टेंपोंच्या मधून वाट काढताना दोनदा पडता पडता वाचले. रद्दीवाल्याच्या गोदामात वहीच्या आणि वर्तमानपत्रांच्या ढिगांत आमची पोती होती. तीन होती. आम्ही पाच पाठवली होती.

"दोन गेली," तो म्हणाला. "बांगडीवाले घेऊन जाते. जाड कागद आहे, डब्यात खाली टाकाले कामी येते."

गल्लीच्या तोंडाशीच बांगड्यांचं दुकान होतं. मी दुकानात शिरले. गल्ल्यावर एक बाई बसल्या होत्या. मी एक डबा उचलला, हिरव्या बांगड्या बाजूला सारल्या. तळाशी पिवळं कार्ड, गोल कापलेलं. नाव अर्धं कापलं गेलं होतं. रक्तगट दिसत होता, तो कोणाचा ते कळत नव्हतं.

"काय शोधून राहिली वं?" त्या बाईंनी विचारलं. मी सांगितलं तसं त्यांनी आतून एक अख्खं पोतं ओढून आणलं, अजून न कापलेलं. "हे घेऊन जा. बाकीचं गेलं." त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पाण्याचा पेला पुढे केला. मी तो उभ्यानंच प्यायले.

चार पोती हातगाडीवर घालून मी परत आले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. काटोलचे गृहस्थ पोचलेले होते. एसटीची वाट न बघता कोणाच्या तरी जीपमधून आले होते. काकांनी त्यांचं बोट टोचलं, थेंब घेतले, सिरम घातलं. ती पाच मिनिटं मी फरशीकडे पाहत उभी राहिले. काकांवर विश्वास नव्हता असं नाही. माझा आता कशावरच विश्वास उरला नव्हता.

"ओ निगेटिव्ह," काका म्हणाले.

त्या गृहस्थांनी आपल्या मेव्हण्यालाही सोबत आणलं होतं, त्याचाही गट तोच असल्याचं त्यांना माहीत होतं. काकांनी त्याचाही तपासला. दोन बाटल्या झाल्या. बाईची गर्भपिशवी काढावी लागली, पण ती वाचली. बाळ आधीच गावी सुखरूप होतं. संध्याकाळी तिच्या नवऱ्यानं मला विचारलं, "कोनं देल्लं रक्त?" मी त्या दोघांकडे बोट दाखवलं. तो त्यांच्या पाया पडायला गेला. मी तिथून निघून गेले.

मॅडमनी मला काढून टाकलं नाही. त्या म्हणाल्या, "क्रम मी लावायला सांगितला, कार्डं मी रद्दीत घातली. तू एकटीच नाहीस." तपासणी थांबवण्याच्या सूचनेचा तो मसुदा त्यांनी माझ्यासमोर फाडला. मला ते बोलणं ऐकून बरं वाटायला हवं होतं. त्याऐवजी मला वाटलं, हे ओझं आता यांच्याही डोक्यावर आहे.

पुढे चार महिने मी कार्डं पुन्हा टाकली. या वेळी अनुक्रमांकासह, म्हणजे काही हललं तरी ओळी पुन्हा मूळ क्रमानं लावता येतील. ज्यांची कार्डं गेली होती त्यांना पत्रं लिहिली, जे आले त्यांचा गट काकांनी नव्यानं पाहिला. चिठ्ठी काढली, खेळ पुसला, फ्लॉप्या पाळीपाळीनं वापरायला लागले, आणि शिवाय कार्डंही ठेवली. खिडकीवरच्या बाया एकदोनदा विचारून गेल्या, खेळ कुठं गेला म्हणून. मी म्हटलं, खराब झाला.

राहिल्या बाहेरच्या तीन प्रती. दोन मी, ती बाई वाचली त्याच संध्याकाळी, जाऊन परत आणल्या होत्या. एका ठिकाणी यादीवरून एक दाता बोलावला गेला होता, पण त्यांनी आधी तपासलं आणि परत पाठवलं. तिसऱ्या नर्सिंग होममध्ये सिस्टरनी टेबलाचे खण उपसले आणि म्हणाल्या, "अगं, ती तर आमच्या डॉक्टरांनी त्यांच्या मित्राला दिली. तो गावाकडं दवाखाना टाकून राहिला ना. त्याला उपयोगी पडेल म्हणून." कोणतं गाव, ते सिस्टरना नक्की सांगता येईना. डॉक्टर परगावी होते. परत आल्यावर त्यांनी पत्ता दिला, मॅडमनी त्या पत्त्यावर दोनदा पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. तिसऱ्यांदा रजिस्टर पत्र पाठवलं, ते परत आलं, माणूस तिथून दुसरीकडे गेला होता.

छापताना मी प्रत्येक पानाच्या तळाशी आमच्या पेढीचं नाव टाकलं होतं, आणि त्याच्याखाली हौसेनं एक ओळ टाइप केली होती: तपासून बरोबर. कितीतरी वर्षं, बाहेरगावच्या फोनची लांब घंटा वाजली की मी रिसीव्हर उचलायच्या आधी थोडी थांबत असे. ती प्रत कुठे गेली, कोणी वापरली का, हे मला आजतागायत कळलेलं नाही.